रनिंग स्टार्ट: वहीतला दोन वर्षांचा हिशेब

रनिंग स्टार्टला, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे वर्ग करायच्या सोयीला, पाचपैकी चार तारे देते. पाचवा का राखून ठेवला, ते ओघात येईलच.

सांगलीत सहकारी बँकेत मी नऊ वर्षं कॅशियर होते. हिशेबाची वही ठेवायची सवय अमेरिकेत सिॲटलजवळ राहायला येऊनही सुटली नाही. थोरली लेक रनिंग स्टार्टला लागली त्या दिवशी वहीत तिच्या नावाचं वेगळं पान केलं. या जूनमध्ये तिचं हायस्कूल संपलं आणि मी त्या पानाखाली रेघ मारली. ओळखीच्या आया दर वसंतात या सोयीबद्दलच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

वॉशिंग्टन राज्यानं १९९० साली कायदा करून ही सोय आणली. (मिनेसोटात अशी सोय १९८५ पासून आहे.) अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सरकारी कॉलेजात) जातात आणि मोठ्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून तिथलेच वर्ग करतात. शिक्षणशुल्क पडत नाही. त्या वर्गाचं क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप) हायस्कूललाही धरतात आणि कॉलेजलाही. कॉलेजची ५ क्रेडिट म्हणजे हायस्कूलचं १. शाळेत जो विषय सप्टेंबर ते जून चालतो, तो इथं साधारण अकरा आठवड्यांच्या एका क्वार्टरमध्ये उरकतो. प्रवेश घेण्याआधी या एका वाक्यावर घरात सगळ्यांनी बसून विचार करावा, कारण फायदा आणि ताण दोन्ही तिथूनच येतात.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, अकरावीला कॉलेजातच जायचं असतं की! त्यात नवल ते काय?" त्यांचंही खरं. मीही अकरावीला विलिंग्डनच्या आवारात पाऊल टाकलं तेव्हा कॉलेजात गेल्यासारखंच वाटलं होतं. पण आपलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे बोर्डाचा अभ्यास. तिथला एकही तास पुढे बीएस्सीत मोजला गेला नाही. इथं सोळा वर्षांच्या मुलीनं केलेला इंग्लिश १०१ हा पदवीचाच इंग्लिश १०१ असतो. सासूबाईंना हे समजावताना मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं.

कॉलेज निवडायला आम्ही तीन आवारं पाहिली. बॉथेलच्या कॅस्केडिया कॉलेजला संध्याकाळी गेलो होतो. त्या आवारात थंडीच्या दिवसांत हजारो कावळे मुक्कामाला येतात. आभाळ काळं करून ते पाणथळीतल्या झाडांवर उतरत होते. लेक मान वर करून उभीच राहिली. शेवटी बसच्या वेळा जुळल्या म्हणून दुसरं कॉलेज घेतलं, पण ती संध्याकाळ लक्षात राहिली.

आता खर्च. पहिल्या क्वार्टरला आमचे १८७ डॉलर गेले: कॉलेजची किरकोळ शुल्कं, केमिस्ट्रीची लॅब फी, गॉगल आणि जुनं पुस्तक. बसचा खर्च शून्य, कारण २०२२ च्या सप्टेंबरपासून या राज्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट आहे. ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॉलेजच्या लायब्ररीतून आणला. दुसऱ्या क्वार्टरपासून लेक हुशार झाली. कॉलेजच्या वेळापत्रकात मोफत पुस्तकांवर चालणाऱ्या वर्गांपुढे खूण असते. विषय सारखा असेल तर ती तसलाच वर्ग घ्यायची. कमी उत्पन्नाच्या घरांना ही शुल्कंही माफ होतात, तेव्हा विचारायला लाजू नका. मात्र १०० च्या खालच्या क्रमांकाचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीखालचे वर्ग या सोयीत बसत नाहीत. गणितात मूल मागे असेल तर आधी शाळेतच पाया पक्का करून घ्या. शाळा आणि कॉलेज मिळून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वर्ग घेतले, तर वरचे पैसे घरातून जातात.

पहिला धक्का मला पैशाचा बसलाच नाही, तो फोनवर बसला. पहिल्या परीक्षेचे गुण कळावेत म्हणून मी कॉलेजला फोन केला. पलीकडच्या बाईंनी अगदी नम्रपणे सांगितलं की विद्यार्थिनीच्या लेखी परवानगीशिवाय त्या काहीही सांगू शकत नाहीत. मी म्हटलं, ती सोळाची आहे, मी तिची आई आहे. तरी नाही. मूल कॉलेजात दाखल झालं की वय कितीही असो, त्या नोंदींचा हक्क त्याचा. तसा केंद्राचा कायदाच आहे. शाळेत असताना मोबाईलवर रोज गुण दिसायचे, इथं ती खिडकी बंद. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, हे लपवत नाही.

मग आली हिवाळ्याची केमिस्ट्री. दर क्वार्टरला शाळेच्या कौन्सेलरच्या सहीचा फॉर्म लागतो. त्या वेळी सहीला नऊ दिवस लागले, तोवर दुपारचा वर्ग भरून गेला. उरला संध्याकाळी साडेसहाचा. डिसेंबर-जानेवारीत इथं साडेचारला अंधार पडतो, वर पाऊस. मी रोज रात्री बसथांब्यावर गाडी घेऊन उभी राहायचे, थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि डब्यात गरम थालीपीठ. ती गाडीत बसून न बोलता खायची. तिसऱ्या आठवड्यातल्या परीक्षेत तिला ५८ पडले.

घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. हे म्हणाले, नाव काढून घेऊ या. ठरावीक तारखेच्या आत काढलं तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) काही उमटत नाही, नंतर काढलं तर डब्ल्यू, म्हणजे वर्ग सोडल्याची खूण दिसते. नापास झाली तर दोन्हीकडे डाग. आणि कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट कायमची असते: पुढे मेडिकलला अर्ज करायचा झाला तर शाळेत असताना घेतलेल्या कॉलेज वर्गांचे गुणही सरासरीत धरतात. मी प्राध्यापकांना ईमेल लिहायला बसले. लेकीनं लॅपटॉप मिटवला. म्हणाली, "आई, तू नाही लिहायचं. माझा वर्ग आहे."

दुसऱ्या दिवशी ती एकटी ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापकांना भेटायच्या वेळेत गेली. तिथं टेबलाशी एक नर्स व्हायला निघालेली दोन मुलांची आई बसली होती आणि एक लष्करातून परतलेला माणूस. तिघांनाही मोलचीच गणितं अडत होती. त्या दिवसापासून तिघांचं टोळकं झालं. ती चाळिशीची बाई लेकीला म्हणाली, मी रात्री मुलं झोपल्यावर अभ्यास करते, तू निदान दिवसा तरी कर. हे मी सतरा वेळा सांगून झालं होतं! पण ते तिच्या तोंडून लागू पडलं. क्वार्टर संपला तेव्हा ४ पैकी ३.१ आले. वहीत त्या पानावर मी पैशाच्या रकान्यात हा आकडा लिहिलाय. कुठं लिहावा ते सुचलं नाही.

याच कारणासाठी मी एपीपेक्षा (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या तोडीचे विषय) रनिंग स्टार्टला झुकतं माप देते. एपी म्हणजे मे महिन्यातली एक परीक्षा, १ ते ५ गुण, आपल्या बोर्डासारखी: वर्षभराचा भार त्या एका परीक्षेवर. पण एपी शाळेतच होतं, मित्रमैत्रिणी सुटत नाहीत. धाकट्याचा जीव बँडमध्ये अडकलाय, त्याला मी रनिंग स्टार्ट सुचवणार नाही. वॉशिंग्टनमध्ये शाळेतच, शाळेच्याच शिक्षकांकडून कॉलेजचं क्रेडिट मिळवायची सोयही आहे. आमच्या शाळेत तिचे दोनच विषय होते, त्याबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही.

आता राखून ठेवलेला तारा. शाळा आणि कॉलेज एकमेकांशी बोलत नाहीत. सुट्ट्यासुद्धा वेगळ्या: कॉलेजची वसंताची सुट्टी मार्चअखेर, शाळेची एप्रिलमध्ये, त्यामुळे दोन वर्षं सगळं कुटुंब मिळून कुठं गेलं नाही. त्याहून वाईट म्हणजे बारावीच्या एप्रिलमध्ये शाळेनं कळवलं की हेल्थ (आरोग्य) या विषयाचं अर्धं क्रेडिट राहिलंय. राज्यात हायस्कूल पार करायला २४ क्रेडिट लागतात, आणि कॉलेजात कॅल्क्युलस करून बसलेली मुलगी हेल्थसाठी अडकणार होती. ऑनलाइन वर्ग करून तिनं ते मेअखेर भरून काढलं. दोन वर्षांत सहा वेळा त्याच ऑफिसात फॉर्म घेऊन गेलो होतो, एकदाही कुणी यादी तपासली नव्हती. तुम्ही स्वतः यादी काढा आणि दर क्वार्टरला तिच्यावर टिक करा.

दुसरं असं की क्रेडिट मान्य होणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. लेकीची एकूण ७५ क्रेडिट झाली. राज्यातल्या सरकारी विद्यापीठानं ती सगळी घेतली, पण १० नुसती ऐच्छिक खात्यात टाकली. तिच्या विषयाच्या अटीत ती कुठंच बसत नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संकेतस्थळावर कम्युनिटी कॉलेजचा कुठला वर्ग तिथल्या कुठल्या वर्गाबरोबर धरतात याचं कोष्टक आहे. आम्ही ते बारावीत पाहिलं, अकरावीच्या आधी पाहायला हवं होतं. राज्याबाहेरची अनेक खाजगी विद्यापीठं तर हायस्कूल पूर्ण करायला वापरलेली क्रेडिट पुन्हा धरतच नाहीत. मूल तिकडंच जाणार असेल तर पैसे वाचतील या आशेवर इकडं येऊ नका. राज्यातच राहणार असेल तर ९० क्रेडिटची असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) हायस्कूलबरोबरच हातात पडू शकते, आणि पदवीची जवळजवळ दोन वर्षं वाचतात. इतकी क्रेडिट झाली म्हणून पहिल्या वर्षाला अर्ज करता येणार नाही, ही भीती मात्र मनातून काढा: प्रवेशाचा अर्ज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणूनच करता येतो.

वहीतली बेरीज: दोन वर्षांत १,०४२ डॉलर, त्यात २१२ लॅब फीचे आणि ४० हरवलेल्या ओळखपत्राचे व लायब्ररीच्या दंडाचे. थर्मास दोनदा बदलला, तो धरलेला नाही.