'सुविधा' पोर्टल: अर्ज भरता येतो, एबी फॉर्म मिळत नाही

निवडणूक आयोगाच्या 'सुविधा' पोर्टलवर लोकसभा-विधानसभेचा उमेदवारी अर्ज भरता येतो, दाखल मात्र होत नाही. मोबाइलवर ओटीपी, मतदारयादीतली नोंद, नमुना 2अ (लोकसभा) किंवा 2ब (विधानसभा), नमुना 26चं शपथपत्र, ऑनलाइन अनामत, भेटीची वेळ. इथवर काम सरळ आहे. मग प्रिंट काढून सह्या, शपथपत्रासाठी नोटरी, आणि शेवटच्या दिवशी दुपारी 3च्या आत अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती.

महिला उमेदवारांचं घोडं बहुतेकदा नावात अडतं. मतदारयादीत सासरचं नाव, जातीच्या दाखल्यावर माहेरचं. दाखला साधारणपणे वडिलांकडच्या कागदांवर निघतो. विवाह नोंदणीचा दाखला जोडीला ठेवा. मतदार दुसऱ्या मतदारसंघातल्या असाल तर यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत लागते. शपथपत्रात नवऱ्याचा पॅन आणि पाच वर्षांचं उत्पन्नही येतं. एकही रकाना कोरा नको. 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहाच, छाननीत अर्ज उडतो तो अशा रकान्यांपायी. अनामत लोकसभेला 25,000 रुपये, विधानसभेला 10,000. अनुसूचित जाती-जमातींना निम्मी, बाईला म्हणून सवलत शून्य.

खरी मेख पोर्टलबाहेर आहे: एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीची पत्रं. 'ए'मध्ये पक्षातर्फे सही कोण करणार ते, 'बी'मध्ये उमेदवाराचं नाव. दोन्हींवर शाईची मूळ सही हवी. व्हॉट्सॲपवरचा फोटो किंवा सहीचा शिक्का चालत नाही. वेळ तीच, 3ची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा. एकाच सूचकावर अर्ज भरून बसलात आणि फॉर्म आलाच नाही, तर अपक्ष म्हणूनही उभं राहता येत नाही. चार अर्ज भरता येतात, तेव्हा एक संच दहा सूचकांचा आधीच तयार ठेवा. तिकिटाचं नक्की नसलेल्या बाईने तर ठेवायलाच हवा.

106व्या घटनादुरुस्तीने (2023) लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखल्या, अंमल मात्र जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेवर सोपवला. त्या जागेवर कोणती बाई, हे पक्षच ठरवणार, आणि बिगरराखीव जागांवर किती जणींना तिकीट द्यायचं याचं बंधन पक्षांवर नाही. गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला, याची कारणं पक्षाला नमुना सी-7मध्ये, निवडीपासून 48 तासांत जाहीर करावी लागतात. इच्छुक बाईला का डावललं, यासाठी कुठलाच नमुना नाही.

टायपिंग आणि रांग वाचते, म्हणून पोर्टल वापरा. खर्चाचं स्वतंत्र बँक खातं मात्र अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. ते काम पोर्टल करून देत नाही.