ट्रफाल्गर झकास, खांदेरी नुसती नावाला

समुद्री लढायांचं सॉफ्टवेअर घेतलं म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न आला, "कंबर तलावात जहाज सोडणार का बे?" हिवाळ्यात घेतलं, आता पावसाळा लागला. दुकान बंद करून आल्यावर बहुतेक रात्री थोडा वेळ तरी उघडतोच, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

पैसे वसूल झाले ते ट्रफाल्गरवर. 21 ऑक्टोबर 1805, इंग्रज सेनापती नेल्सनची 27 मोठी जहाजं, समोर फ्रेंच-स्पॅनिश 33. एवढं पुस्तकातही असतं. इथे लढाई खऱ्या वेळेच्या वेगाने चालवता येते, आणि तिथेच मजा आहे. वारा इतका पडलेला, की शत्रू डोळ्यांसमोर असूनही गाठायला तासन् तास लागतात. नेल्सन दोन रांगा करून शत्रूच्या रांगेवर जवळजवळ काटकोनात जातो. त्यामुळे त्याच्या जहाजाच्या, व्हिक्टरीच्या, कुशीतल्या तोफा समोर लागूच होत नाहीत, शत्रूच्या मात्र सगळ्या तिच्यावर. चाळीसेक मिनिटं हे जहाज नुसतं मार खातं. सुकाणूचं चाक उडतं, मग खालच्या मजल्यावर माणसं लावून सुकाणू ओढावं लागतं. मी चहा करून आलो तरी जहाज आपलं तिथेच!

बाजूला वाऱ्याची पट्टी आहे. जोर वाढवला की मार खाण्याचा वेळ झपकन कमी होतो. दिशा उलटी केली तर हल्लाच जमत नाही. व्हिक्टरी उभी कापून दाखवली आहे, तेही सुंदर. सर्वांत खालच्या तोफमजल्यावर 32 पौंडी तोफ उडवली की ती मागे उसळते आणि जाड दोराला हिसका बसून थांबते. हेडफोन लावून ऐका.

त्सुशिमा (1905, जपान विरुद्ध रशिया) ठीक. कोळशाच्या जहाजांना वाऱ्याची पट्टी लागत नाही, पण जपानी सेनापती टोगोचं वळण वरून बघताना अंगावर येतं. एकेक जहाज त्याच जागी येऊन वळतं आणि रशियन त्या जागेवर नेम धरून बसलेले.

मिडवेचा, म्हणजे अमेरिका-जपान विमानवाहू जहाजांच्या लढाईचा, मात्र पचका केलाय. 4 जून 1942 चा सगळा खेळ 'शत्रू आहे कुठे' यावर होता. इथे दोन्ही आरमारं नकाशावर पहिल्यापासून उघडी दिसतात. मग उरलं काय?

खरा राग खांदेरीचा आहे. जाहिरातीत 'भारतीय किनारा' लिहिलंय म्हणून तर घेतलं. आत एक चित्र आणि दोन परिच्छेद. अहो, मुंबईजवळच्या खांदेरी बेटासाठी मराठे आणि इंग्रज यांची 1679 ची ही लढाई म्हणजे वारा आणि वल्हं यांचाच सामना! इंग्रजांची जड जहाजं वारा पडला की जागच्या जागी. आपली हलकी गलबतं वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्री रसद घेऊन बेटावर हजर. 18 ऑक्टोबरला मराठा आरमाराच्या दौलतखानाने पहाटे हल्ला करून त्यांचं 'डव्ह' जहाज धरलं. किल्ला आपल्याकडेच राहिला, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला. वाऱ्याची पट्टी ज्यांनी एवढी छान केली, त्यांनी ती नेमकी इथे द्यायला नको होती? कंपनीला दोनदा कळवलं. उत्तर आलं, 'सूचना नोंदवली आहे'.

बाकी तक्रारी किरकोळ. एप्रिलच्या उन्हात आठ जीबी रॅमचा माझा लॅपटॉप भट्टी होतो, तेव्हा चित्रांचा दर्जा मध्यमवर ठेवा. आपोआप सेव्ह होत नाही. लाइट गेली आणि लॅपटॉपच्या बॅटरीने मान टाकलेली असेल, तर लढाई पुन्हा सकाळपासून. निवेदन फक्त इंग्रजीत, पण वेग कमी करता येतो. नववीतल्या पुतण्याला तेवढ्यावर समजतं.

शिडाच्या जहाजांचं वेड असेल तर पूर्ण किमतीलाही घ्या. मराठा आरमारासाठी घेणार असाल तर तूर्त थांबा. विमानवाहू जहाजांसाठी असेल तर घेऊच नका.