पायाच्या धमन्यांची एमआर अँजिओ: गॅडोलिनियम की क्विस?

मधुमेहाचा रुग्ण, चालताना पोटरी भरून येते, अंगठ्याला न भरणारी जखम. सर्जनला कळायला हवं असतं की गुडघ्याखालच्या तीन धमन्यांपैकी घोट्यापर्यंत उघडी कोणती. एमआर अँजिओ, म्हणजे एमआरआयने काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र, दोन प्रकारे घेता येतं: रक्त उजळवणारं गॅडोलिनियम हे औषध शिरेतून देऊन, किंवा औषधाशिवाय क्विस (QISS) पद्धतीने. प्रोटोकॉल निवडताना हाच प्रश्न डोळ्यांपुढे असावा.

पोट आणि कटीतल्या धमन्यांसाठी गॅडोलिनियमला माझी पसंती. तिथे श्वास आणि आतड्यातली हवा क्विसचं चित्र बिघडवतात.

अडतं पोटरीत. जखम किंवा सूज असलेल्या पायात रक्त धमनीतून शिरांमध्ये फार लवकर उतरतं. टेबल सरकत तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे पोटरीवर, पोहोचेपर्यंत शिराही उजळलेल्या असतात, आणि इथल्या खोल शिरा धमनीच्या दोन्ही बाजूंना चिकटून चालतात. मग पोस्टेरिअर टिबिअल (त्या तीनांपैकी एक धमनी) उघडी आहे की शेजारची शीरच दिसते आहे, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मांडीला ५० ते ६० मिमी पारा दाबाचा कफ बांधला तर थोडा फरक पडतो. पोटरीचं टाइम-रिझॉल्व्हड (एकामागोमाग अनेक झटपट चित्रांचं) चित्रण कमी डोसवर आधीच उरकणं त्याहून बरं. तरी वेळ चुकली की चुकली, औषध एकदा आत गेल्यावर कोरी पाटी मिळत नाही.

रॉबर्ट एडलमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या क्विसमध्ये ही अडचण मुळातच टळते. चित्र घ्यायच्या कापातल्या (पायाच्या आडव्या पातळ थरातल्या) ऊतकाचा आणि खालून वर येणाऱ्या शिरेतल्या रक्ताचा सिग्नल आधी दाबायचा, धमनीतलं ताजं रक्त कापात शिरेपर्यंत थांबायचं, मग एका ठोक्याला साधारण ३ मिमीचा एक काप. रुग्ण हलला तर तेवढाच कापांचा गट पुन्हा घ्यायचा. माझा कल झुकला तो इथेच.

तीन ठिकाणी मात्र जपावं. स्टेंट किंवा कृत्रिम सांध्याजवळ सिग्नल जातो आणि धमनी बंद असल्याचा भास होतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित असताना) ईसीजीचा मेळ चुकून कापांत पट्टे पडतात. आणि बंद भागाखाली कोलॅटरलमधून (पर्यायी छोट्या वाहिन्यांतून) आलेलं रक्त धमनीत उलटं, वरच्या दिशेने वाहत असेल, तर शिरेबरोबर तेही दाबलं जातं. शंका आली की शिरांचा सिग्नल दाबणारी रेडिओ-पल्स बंद करून तो गट पुन्हा घ्यावा. शिरा दिसतील, पण धमनी हरवणार नाही.

ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कार्याचं माप) ३० च्या खाली असेल तर क्विसकडे वळणं स्वाभाविक आहे. नव्या मॅक्रोसायक्लिक प्रकारच्या गॅडोलिनियम औषधांचा अशा रुग्णांना असलेला धोका फार कमी असल्याने केवळ त्या भीतीपोटी निवड करू नये, असं वाटतं. क्विस आधी घ्यावी. कटीतला भाग अस्पष्ट राहिला, तर सुई तेव्हा लावता येते.