स्क्रीनटिप हाताने लिहावी की मॅक्रोने?
पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये दुव्यावर माउस नेला की, स्क्रीनटिप (दुव्यावर माउस नेल्यावर दिसणारा छोटा मजकूर) लिहिलेली नसल्यास, लांबलचक पत्ता झळकतो. तो झाकण्यासाठी एकेका दुव्याला हाताने स्क्रीनटिप लिहावी की मॅक्रो (तेच काम आपोआप करणारी छोटी आज्ञावली) चालवावा, असा पेच अनेकांना पडतो.

श्रम पाहिले, तर चार-पाच दुव्यांसाठी कंट्रोल-के दाबून ‘स्क्रीनटिप’मध्ये ‘मार्चचा जमाखर्च’ असे टंकणे सोपे. दुवे शंभर असल्यास प्रत्येक स्लाइडवरील दुव्यांमधून फिरणारा छोटा मॅक्रो तेच काम झटपट उरकतो. मात्र सरसकट एकच मजकूर चिकटतो आणि कित्येक कार्यालयांत मॅक्रोंना मज्जाव असतो. टिकाऊपणात फरक नाही, कारण मजकूर फाइलमध्येच साठतो. (टचस्क्रीनवर माउसच नसल्याने दोन्ही मेहनती बहुधा वाया.)

दुव्यागणिक खुलासा वेगळा हवा असेल, तर हातानेच लिहावे. नुसते पत्ते लपवायचे असतील, तर मॅक्रो बरा.