कमी व्यापाची सुखं: कुठली मिसळ, कुठला चहा, पन्हं की कोकम?

पैठणी घ्यावी की कांजीवरम, मालदीवला जावं की बालीला, यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. मी लिहितेय ते आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, पगाराची वाट न बघता घेता येणाऱ्या गोष्टींबद्दल. खाणं, पिणं, नेसणं आणि रात्री जेवताना समोर काहीतरी लावणं. तुलना करताना माझी फूटपट्टी एकच आहे: व्याप किती? करायला, जायला, धुवायला, नंतर निस्तरायला. चवीत उन्नीस-बीस चालतं. व्याप वाढला की ते सुख सणासुदीवर ढकललं जातं आणि मग वर्षभर राहूनच जातं.

मिसळ: कोल्हापूर, पुणे की नाशिक

या विषयावर घराघरांत फूट पडते, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते: भूक लागली असेल तर नाशिकची, तोंडाला चव नसेल तर कोल्हापूरची आणि सकाळी उठून ऑफिसला जायचं असेल तर पुण्याची.

कोल्हापुरी मिसळीचा जीव कटात असतो. कांदा-लसूण चटणीचा पातळ, लालभडक कट, खाली मटकीची उसळ, वर फरसाण आणि कच्चा कांदा, सोबत पावाऐवजी बहुतेक ठिकाणी ब्रेडचे स्लाइस. बाहेरच्या लोकांना वाटतं तितकी ती जाळत नाही. तिखटापेक्षा मसाल्याचा वास पुढे असतो. नुसता तिखटपणा हवा असेल तर कोल्हापूरपर्यंत जायची गरज नाही, ठाण्याची मामलेदार मिसळ डोळ्यांतून पाणी काढायला पुरेशी आहे.

जुन्या वळणाच्या पुणेरी मिसळीत पोहे, बटाट्याची भाजी, चिवडा असा बराच पसारा असतो आणि रश्शाला इथे सँपल म्हणतात. तो किंचित गोडसर असतो. कोल्हापूरकर यावर हसतात. हसू देत. सकाळी साडेआठला खाऊन दहाच्या मीटिंगमध्ये बसायचं असेल तर हीच मिसळ पोटाला सोसते. नाशिकला मसाला काळपट, सोबत पाव, पापड, दही, आणि रस्सा मागाल तितका. तिथे शहराबाहेर शेताच्या कडेला झाडाखाली टेबलं मांडलेली मिसळीची ठिकाणं बरीच झालीत, रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. म्हणून नाशिकची मिसळ कामाच्या दिवशी खावी.

मुंबईकर दादरच्या आस्वादचं नाव घेतील. 2015 साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत तिथल्या मिसळीला जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं होतं. मिसळ चांगलीच आहे, सौम्य आहे, लहान मुलांना घेऊन जायला योग्य. पण त्या बातमीच्या जोरावर कोल्हापूरकराला तिथे नेऊ नका, वाद होईल.

घरी करावी का? मटकी भिजवा, उपसा, फडक्यात बांधून मोड आणा, वाटण भाजा, आणि एवढं करून घरातला एकजण म्हणणारच की बाहेरच्यासारखी नाही झाली. माझ्या फूटपट्टीत घरची मिसळ नापास. पार्सल मात्र अवश्य आणावं, फक्त फरसाण वेगळं बांधून मागायचं. रस्सा आणि फरसाण एकाच डब्यात आलं तर घरी पोहोचेपर्यंत लगदा झालेला असतो. कट उरलाच तर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरलेला असतो. त्यात दोन उकडलेली अंडी सोडली की रात्रीचं जेवण झालं.

चहा: अमृततुल्य की इराणी

पुण्यातली जुनी अमृततुल्यं, म्हणजे चहाची दुकानं, राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी सुरू केली. मुंबई-पुण्यातली इराणी हॉटेलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी आणि इतर इराण्यांनी थाटली. म्हणजे ज्याला आपण अगदी इथला चहा समजतो, त्याचे दोन्ही प्रकार आणणारे बाहेरून आलेले आहेत.

करण्याची पद्धत अगदी वेगळी आहे. अमृततुल्यात दूध, पाणी, साखर, चहा पावडर सगळं पितळेच्या पातेल्यात एकत्र उकळतं. मालक गल्ल्यामागेच उंचावर बसलेला असतो, हाताशी छोटा खलबत्ता. वेलची-आल्याचा ठेचा पडला की डावाने चहा वर उचलून परत पातेल्यात सोडायचा, रंग बघायचा, मग जाड फडक्यातून गाळायचा. ते फडकं पिळतानाचा शेवटचा घट्ट चहा ज्याच्या कपात येतो तो नशीबवान. इराण्याकडे चहाचा अर्क वेगळा उकळत असतो, दूध वेगळं आटत असतं आणि दोन्हींची गाठ कपातच पडते. त्यामुळे त्याला मसाल्याचा वास नसतो, चहाचा कडवटपणा आणि दुधाची साय दोन्ही जिभेला वेगळी कळतात. त्यात मस्का लावलेला बन बुडवायचा. आलं-वेलचीच्या चहात बन बुडवून बघा, जमत नाही.

नुसत्या चहाचा विचार केला तर माझं मत अमृततुल्याला. पण अमृततुल्यात बसायची सोय बेताचीच असते. बाकावर कोपराला कोपर लावून प्यायचा आणि उठायचं. गप्पा मारायच्या असतील, एकट्याने पेपर वाचायचा असेल तर इराण्याला तोड नाही. पुण्यात डेक्कनवर 1935 पासूनचं गुडलक आहे, मुंबईत धोबीतलावाला 1904 पासूनचं कयानी आहे. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या. अर्थात शनिवार-रविवारी गुडलकला रांग लागते आणि मागे माणसं ताटकळत असताना निवांत बसायला मन धजत नाही. मधल्या वारी दुपारी जा.

अलीकडे कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य नावाच्या एकसारख्या पाट्या लागल्या आहेत. तिथे पितळी पातेलं दर्शनी ठेवलेलं असतं आणि चहा थर्मासमधून येतो. ओळखायची खूण सोपी आहे: खलबत्त्याचा आवाज येतो का ते ऐका. साखर कमी हवी असणाऱ्यांनी मात्र अमृततुल्याच्या वाटेला जाऊ नये, ती पातेल्यातच पडलेली असते आणि तुमच्या एका कपासाठी वेगळा चहा कोणी ठेवत नाही.

उन्हाळा: पन्हं, कोकम की उसाचा रस

इथे निवड खरंच अवघड आहे, कारण तिन्हींचा मोसम एकच.

उसाच्या रसाला व्याप शून्य. रसवंतीत जायचं, लिंबू-आलं घालून घ्यायचा, तिथेच संपवायचा. घरी आणायच्या भानगडीत पडू नका, बघता बघता काळा पडतो. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज रस्त्यावरून येतो तीच जाहिरात. इतक्या रसवंत्यांची नावं कानिफनाथ किंवा नवनाथ का असतात, हे कुतूहल अनेकांना असतं. पुरंदर तालुक्यात बोपगावला कानिफनाथांचं ठाणं आहे आणि या धंद्यातली कितीतरी मंडळी त्या भागातली. बर्फाबद्दल शंका असेल तर बिनबर्फाचा मागा. तो गोड जास्त लागतो आणि ग्लासात रसही जास्त येतो.

पन्ह्याला थोडा व्याप आहे, पण तो एकदाच. कैऱ्या कुकरला उकडायच्या, सालं काढून गर कुस्करायचा, गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, वेलची, मीठ, असलं तर केशर. हा गर फ्रीजमध्ये बरणीत ठेवला की रोज दोन चमचे पाण्यात घालून प्यायचं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर मिळणारं पन्हं साखरेचं, पिवळंधमक असतं. दिसायला ते छान. प्यायला मला गुळाचं, करडं-तपकिरी आवडतं. कैरी उकडण्याऐवजी विस्तवावर भाजून केलेलं पन्हं एकदा तरी प्या, धुरकट वासाने त्याची जातच बदलते. विकतच्या पन्ह्याच्या बाटल्यांबद्दल न बोललेलं बरं.

कोकमाचं उलट आहे. इथे विकतचं घेण्यात कमीपणा नाही, फक्त बाटली बघून घ्या. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालांत साखर भरून, उन्हं दाखवून काढतात ते अमृत कोकम, म्हणजे सरबताचा पाक. मीठ घालून काढलेला रस तो आगळ. शहरात नव्याने संसार थाटलेले लोक सोलकढीसाठी अमृत कोकम घेऊन येतात आणि मग नारळाच्या दुधाचं गोड गुलाबी काहीतरी तयार होतं. सोलकढीला आगळच लागतं, त्याबरोबर लसूण, हिरवी मिरची आणि ताजा नारळ. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी असतात आणि रंग सारखाच दिसतो, म्हणून लेबल वाचा.

एकच बाटली घ्यायची असेल तर मी आगळ सांगेन. त्याची सोलकढी होते, जिरेपूड आणि पाणी घालून बिनसाखरेचं सरबत होतं, आमटीला आंबटपणा येतो, माशाच्या कालवणात चालतं. फक्त त्यात मीठ आधीच भरपूर असतं हे विसरू नका. रक्तदाबवाल्यांनी बेतानेच घ्यावं. रातांबे पावसाच्या तोंडाशी, एप्रिल-मेमध्ये निघतात, म्हणजे ताजं आगळ मेअखेरीस बाजारात येतं. कोकणातून कोणी येणार असेल तर तेव्हाच मागवा. आंब्याची पेटी मागण्यापेक्षा ही मागणी त्या माणसालाही परवडते.

नेसायला: इरकल की मलमल

ही तुलना रोज साडी नेसणाऱ्यांसाठी आणि कधीतरी नेसावीशी वाटणाऱ्यांसाठी.

मलमलची साडी पहिल्या दिवसापासून मऊ. कांजी नको, इस्त्री नसली तरी निभतं, लोकलच्या गर्दीत अंगाला चिकटत नाही. बगरू-सांगानेरकडच्या ठशांच्या छपाईत हव्या त्या रंगात मिळते. पण कापड पातळ, परकर त्याच रंगाचा हवा, आणि निऱ्या पोटाशी फुगतात म्हणून नवशिक्यांनी पिन लावावी. दोन-तीन वर्षांत ती विरते, मग तिची दुपटी होतात.

इरकल आधी कडक वाटते. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं इळकल हे तिचं गाव. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या तीच नेसत आल्या. अंग सुती, काठ-पदर रेशमी, लाल पदरावर देवळांच्या शिखरांसारखी पांढरी नक्षी, तिला टोप तेणी म्हणतात. हातमागावर पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. दुकानात साडी उलटी करून तो सांधा बघा. फास्यांची ओळ नसेल, पदर सलग विणून आला असेल तर यंत्रमागाची नक्कल समजा आणि त्याच हिशोबाने भाव करा. पहिल्या काही धुण्यांत रंग जातो, मिठाच्या पाण्यात वेगळी धुवा. तेवढं सोसलंत तर ती धुण्यागणिक मऊ होते आणि मलमलच्या कितीतरी पट टिकते.

पहिलीच साडी असेल तर मलमल घ्या. कपाटात आधीच चार-सहा सुती साड्या असतील तर पुढची इरकल. पुरुषांसाठी माझ्याकडे एकच सल्ला आहे: घरात बर्म्युडा सोडून सुती लुंगी लावून बघा, मे महिन्यात तरी.

रात्री जेवताना

रोजच्या मालिका मी यात धरत नाही, एक भाग चुकला तर चुकल्यासारखं वाटावं हाच त्यांचा धंदा. उरतात दोन सोप्या गोष्टी. सोनी मराठीवर 2018 पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’: छोटी प्रहसनं, कुठूनही सुरू करा, कुठेही थांबा, भांडी घासतानाही नुसतं ऐकून कळतं. दुसरी अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर, 2001 साली सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका, ज्यात दिलीप प्रभावळकरांचे आबा रोजनिशी लिहितात आणि एका घरातल्या तीन पिढ्या छोट्या छोट्या गोष्टींवरून एकमेकांना समजून घेतात. ती लक्ष देऊन बघावी लागते, मधेच मोबाइल हातात घेतला तर गंमत निसटते.

घरात सगळे एकत्र जेवत असतील तर टिपरे लावा. आजी-आजोबांना पुन्हा बघायला आवडेल, मुलांना लँडलाइन फोनचं नवल वाटेल. सगळ्यांच्या जेवणाच्या वेळा वेगवेगळ्या असतील आणि ताट घेऊन एकट्यानेच बसायचं असेल, तर हास्यजत्रेचं एखादं प्रहसन पुरतं. वरणभात संपतो तेवढ्यात तेही संपतं.