जांभ्याच्या भिंतींआड वाय-फाय कॉलिंग

अँड्रॉइड फोनवरील वाय-फाय कॉलिंगसाठी, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून नेहमीचाच फोन करण्याच्या सोयीसाठी, वेगळे पैसे पडत नाहीत आणि कोणतेही ॲप उतरवून घ्यावे लागत नाही. बेळगाव-खानापूर पट्ट्यातील जाड भिंतींच्या जुन्या घरांसाठी याहून उपयोगी सोय माझ्या पाहण्यात नाही. तरीही ती चालू करून घेतलेली घरे आमच्याकडे थोडीच भेटतात. याचा दोष मी सेवेला कमी आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांना अधिक देतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील आमच्या गावच्या घरात, बेळगावात टिळकवाडीतील सदनिकेत आणि निपाणीला नातेवाइकांकडे ही सेवा वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरच्या गावांत टॉवर मुळातच विरळ आहेत, मध्ये जंगल आणि डोंगर आहेत, आणि जिथे अंगणापर्यंत रेंज येते तिथेही दीड-दोन फूट जाडीच्या जांभ्या दगडाच्या भिंती ती माजघरात येऊ देत नाहीत. मंगळुरी कौलांच्या छपरातून थोडीफार रेंज झिरपत असे. नव्या बांधकामात स्लॅब पडला की तीही जाते. 2300 मेगाहर्ट्झसारख्या उंच वारंवारतेच्या लहरी भिंतीत लवकर क्षीण होतात, 850 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी त्या मानाने आत शिरतात. म्हणून एकाच घरात एका कंपनीचे कार्ड बोलते आणि दुसऱ्या कंपनीचे मुके राहते. अशा घरात फायबरचे इंटरनेट मात्र तारेने थेट आत आलेले असते. वाय-फाय कॉलिंग त्याच तारेचा उपयोग आपल्या नेहमीच्या क्रमांकावरून बोलण्यासाठी करून देते.

व्हॉट्सॲपवरून बोलता येत असताना याची गरज काय, असा प्रश्न हमखास विचारला जातो. व्हॉट्सॲपच्या कॉलसाठी पलीकडच्या माणसाकडेही स्मार्टफोन, तेच ॲप आणि चालू इंटरनेट असावे लागते. वाय-फाय कॉलिंगमध्ये पलीकडे बटनांचा फोन असो, सरकारी कार्यालयातील लँडलाइन असो किंवा दवाखान्याचा क्रमांक असो, फोन नेहमीसारखाच वाजतो आणि आपला नेहमीचाच क्रमांक दिसतो. येणारे फोनही तसेच येतात, आणि माझ्या मते खरा लाभ तिथेच आहे. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलांचा फोन लागत नाही म्हणून घरातल्या वृद्धांना ठरावीक वेळी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहावे लागत असे, ते आता थांबते.

आतली यंत्रणा थोडी समजून घेतली की पुढच्या अडचणींचा उलगडा सोपा होतो. वाय-फाय मिळताच फोन आपल्या सिमकार्डाच्या कंपनीचे प्रवेशद्वार इंटरनेटवर शोधतो, सिमकार्डातील गुप्त किल्लीच्या आधारे आपली ओळख पटवतो आणि तिथपर्यंत एक कूटबद्ध मार्ग तयार करतो. टपालाच्या पिशवीला लाखेचे सील लावावे, तसे आपले बोलणे त्या मार्गाने जाते. मधल्या राउटरला किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याला ते ऐकता येत नाही. या प्रवेशद्वाराचा पत्ता फोन सिमकार्डावरील देश आणि कंपनी यांच्या संकेतांकांवरून स्वतःच रचतो. भारताचे देशसंकेतांक 404 आणि 405 आहेत, आणि पुढचे आकडे कंपनीप्रमाणे व दूरसंचार परिमंडळाप्रमाणे, म्हणजे कार्ड ज्या सेवा-विभागाचे आहे त्याप्रमाणे, बदलतात. म्हणजे कर्नाटक परिमंडळाचे कार्ड कोल्हापुरात बसूनही कर्नाटकाच्याच संकेतांकाने आपले दार ठोठावते. जवळचा टॉवर कोणत्या राज्यातला आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

सीमेलगत राहणाऱ्यांना या गोष्टीचा फायदा किती, हे निपाणीत कळते. कोगनोळीच्या पलीकडे कागल, म्हणजे महाराष्ट्र. फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा, आणि ही अदलाबदल बोलणे चालू असताना झाली तर कॉल तुटण्याचा अनुभव तिथल्या लोकांना नवा नाही. देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे आता बहुतेक योजनांत पडत नाहीत, त्यामुळे ओढाताण पैशांची उरलेली नाही, संभाषणाची आहे. घरात वाय-फाय कॉलिंग चालू केल्यावर ही अदलाबदल पूर्णपणे विस्मरणात जाते. चंदगड तालुक्यातून बेळगावला रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही हेच सांगता येईल.

भारतात ही सेवा एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये दिल्लीपासून सुरू केली, जिओने जानेवारी 2020 मध्ये देशभर आणली आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये प्रारंभ केला. बीएसएनएलचा क्रमांक सर्वांत शेवटी लागला. एअरटेलची सेवा आरंभी त्याच कंपनीच्या ब्रॉडबँडवर चालत असे. ती अट पुढे उठली, पण तिच्यातून झालेला समज मात्र अजून उठलेला नाही. ज्या कंपनीचे कार्ड त्याच कंपनीचे फायबर हवे, असे सांगणारे दुकानदार आजही भेटतात. प्रत्यक्षात गल्लीतल्या केबलवाल्याचे इंटरनेटही चालते, किंबहुना खिडकीत ठेवलेल्या दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरही काम होते. मिनिटाला एक एमबीहूनही कमी डेटा लागतो; वेगापेक्षा जोडणीची स्थिरता महत्त्वाची असते.

सेवा चालू करण्याचे काम वास्तविक एका खटक्याचे आहे, पण तो खटका प्रत्येक कंपनीने वेगळ्या कपाटात ठेवला आहे. पिक्सेल किंवा मोटोरोलासारख्या साध्या अँड्रॉइडच्या फोनांत तो नेटवर्क आणि इंटरनेट या भागात सिमच्या पानावर असतो. सॅमसंगमध्ये कॉल करण्याचे ॲप उघडून, वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्जमध्ये जावे लागते. रेडमीमध्ये सिमकार्ड व मोबाइल नेटवर्क या पानावर आपले सिम निवडल्यावर वाय-फाय वापरून कॉल करण्याचा पर्याय दिसतो, आणि रिअलमी व ओप्पो यांत मोबाइल नेटवर्कमध्ये सिमच्या नावाखाली. ज्यांना हा शोध नको त्यांनी सेटिंग्जच्या शोधपट्टीत वाय-फाय कॉलिंग एवढे टाइप करावे. फोनची भाषा मराठी ठेवली असली तरी बहुतेक फोनांत हा शब्द तसाच राहतो. दोन सिम असतील तर खटका प्रत्येक सिमला स्वतंत्रपणे चालू करावा लागतो; एक चालू केला की दुसराही झाला, असे होत नाही. पहिल्या जोडणीला कधी कधी वेळ लागतो, तेव्हा फोन एकदा बंद करून पुन्हा चालू करणे इष्ट. परदेशी व्हिडिओंत आपत्कालीन पत्ता भरण्याची एक पायरी दाखवतात. ती अमेरिकेतील व्यवस्थेची आहे, इकडे तिची वाट पाहत बसू नये.

खटका चालू झाला म्हणजे कॉल वाय-फायवरूनच जातो, असेही नाही. अनेक फोनांत पसंतीची आणखी एक निवड असते, वाय-फायला प्राधान्य की मोबाइल नेटवर्कला. तिथे मोबाइल नेटवर्क निवडलेले राहिले तर फोन क्षीण रेंजलाही चिकटून बसतो आणि आवाज तुटत राहतो. जाड भिंतींच्या घरात वाय-फायला प्राधान्य देणेच योग्य. खात्री करून घेण्याची सोपी रीत अशी की, विमान मोड लावावा, मग केवळ वाय-फाय चालू करावे आणि एक फोन लावावा. लागला तर सेवा चालू आहे. गावच्या घरात मी फोन बराच वेळ असाच ठेवतो. टॉवर शोधण्याची त्याची धडपड थांबते आणि बॅटरीही अधिक टिकते. मात्र या अवस्थेत बँकेचे ओटीपी येतीलच याची खात्री धरू नये. माझ्या एका कार्डावर ते येतात, दुसऱ्यावर विमान मोड काढल्यावरच येतात.

खटका मुळातच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. या सेवेसाठी फोनची निर्माती कंपनी आणि सिमची कंपनी या दोघींनी त्या मॉडेलला मान्यता द्यावी लागते, आणि ती माहिती फोनच्या सॉफ्टवेअरमधून येते. म्हणून प्रथम सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि व्होल्टीई, म्हणजे 4जीवरून बोलण्याची सोय, चालू आहे का पाहावे. आखातातून किंवा अन्य देशातून आणलेल्या फोनांत तिकडच्या प्रदेशाचे सॉफ्टवेअर असते; असा फोन महागडा असूनही इकडच्या सिमवर हा पर्याय दाखवत नाही, असे घडते. यूट्यूबवर गुप्त कोड दाबून पर्याय उघडण्याचे उपाय मिळतात. एखाद्या मॉडेलवर ते चालतातही, पण पुढच्या अद्ययावतीकरणानंतर ते टिकतील याचा भरवसा नाही, त्यामुळे ज्येष्ठांच्या फोनवर मी ते करणार नाही.

आवाजाविषयी माझे मत बहुतांशी अनुकूल आहे. राउटर असलेल्या खोलीत बोलणे अंगणातल्या 4जी कॉलपेक्षा स्वच्छ ऐकू येते. पण जी भिंत टॉवरची रेंज अडवते तीच राउटरचीही अडवते, हे विसरून चालणार नाही. 5 गिगाहर्ट्झचे वाय-फाय वेगवान असले तरी एका जांभ्याच्या भिंतीपलीकडे ते थकते, 2.4 गिगाहर्ट्झचे दोन खोल्या ओलांडते. राउटर देवघराच्या कोनाड्यात किंवा टीव्हीच्या मागे बसवण्याची जी रीत आहे, ती सोडून तो सोप्यात मधोमध, उंचावर बसवून घ्यावा. घरात कोणी मोठा व्हिडिओ चढवू लागला की आवाज तुटू लागतो, कारण चढतीची, म्हणजे अपलोडची, वाट अरुंद असते. कार्यालये, महाविद्यालये आणि लॉज यांच्या वाय-फायवर कधी सेवा मुळीच लागत नाही, याचे कारण बहुधा असे की तिथल्या फायरवॉलने, म्हणजे जाळ्यावरच्या पहारेकरी यंत्रणेने, या सेवेला लागणारे यूडीपी 500 आणि 4500 हे पोर्ट (इंटरनेटवरील ये-जा करण्याची दारे) बंद ठेवलेले असतात. आपल्या बाजूने त्यावर उपाय नाही.

खरी कमतरता उंबरठ्यावर आहे. बोलत बोलत घराबाहेर पडलो आणि बाहेर 4जीची बरी रेंज असली, तर कॉल टॉवरकडे हस्तांतरित होतो. बेळगाव शहरात हे बहुधा कळतही नाही. बाहेर केवळ 2जी असेल तर मात्र वाय-फायवरचा कॉल त्यावर उतरत नाही आणि तुटतो. खानापूरच्या पश्चिम भागात हेच घडते, आणि जिथे सेवा सर्वाधिक हवी तिथेच ती अशी अडते, याला माझा आक्षेप आहे. फोन चालू असताना गोठ्याकडे किंवा परसात जाण्याची सवय घरच्यांना बदलावी लागली.

दुसरी कमतरता विजेची. हेस्कॉमची वीज गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की फोनही मुका. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर तो चालू ठेवणारी बॅटरी, जोडून घेणे मी अत्यावश्यक मानतो. तेवढ्याने प्रश्न मिटेल की नाही, हे तारेच्या प्रकारावर अवलंबून आहे. ज्या फायबरजाळ्यात एक्स्चेंज आणि घर यांच्यामध्ये विजेवर चालणारे उपकरण नसते, तिथे एक्स्चेंजला बॅकअप असेपर्यंत इंटरनेट चालू राहते. केबलवाल्याने खांबावर स्विच, म्हणजे तारा वाटून देणारे विजेवरचे उपकरण, बसवलेला असेल, तर वीज जाताच घरचा यूपीएस असूनही जोडणी तुटते. जोडणी घेण्यापूर्वी हा प्रश्न आवर्जून विचारावा. पावसाळ्यात झाड कोसळून तारच तुटली, तर मात्र पुन्हा अंगणाचा कोपरा.

ग्राहकसेवेविषयी चांगले लिहिण्यासारखे काही नाही. माझ्या एका कार्डाच्या कंपनीने, जिचे नाव इथे देत नाही, तक्रारीला प्रत्येक वेळी फोन बंद करून चालू करा एवढेच उत्तर दिले; आपले मॉडेल मान्यतायादीत नाही, हे साधे वाक्य कोणी सांगितले नाही. रिचार्जची मुदत संपली की वाय-फाय असूनही फोन लावता येत नाही, ही गोष्टही कोणी आधी सांगत नाही. कॉल आपल्या योजनेतीलच मानला जातो, हे ध्यानात घेतले तर ते रास्तही आहे. संकटकाळच्या 112 या क्रमांकासाठी केवळ या सेवेवर विसंबू नये. वाय-फायवरच्या कॉलमागे जवळच्या टॉवरचा ठाव नसतो, म्हणून गावाचे नाव आणि खूण तोंडाने सांगण्याची तयारी ठेवावी.

याच कामासाठी नवा फोन घेणाऱ्यांनी खडे बाजारातल्या किंवा कुठल्याही दुकानात पैसे मोजण्यापूर्वी आपले सिम त्या फोनात घालून, दुकानाचे वाय-फाय जोडून, विमान मोडमध्ये एक कॉल लावून पाहावा. विक्रेता कुरकुर करील, पण तो कॉल लागल्याखेरीज फोन घेऊ नये.