जुनी जनगणना: उतरवून काढायची की तपासायची?

जुन्या जनगणनेची हस्तलिखित पानं संगणकावर उतरवायला किंवा तपासायला स्वयंसेवक लागतात. पणजोबांचं नाव सापडेल म्हणून या कामाकडे वळत असाल, तर आधीच सांगतो: सापडणार नाही. आपल्याकडच्या जनगणनेची घरोघरची पत्रकं नावानिशी शोधायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ ती कुणाला पाहू देत नाही. त्यासाठी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याच गाठाव्या लागतात. मुंबईत बसून हात लावता येतो तो ब्रिटन-अमेरिकेच्या नोंदींना. परक्यांची घराणी जुळवण्यात रस असेल, तरच पुढे वाचा.

ठळक पर्याय दोन. फ्रीसेन हा ब्रिटनमधला स्वयंसेवकांचा प्रकल्प. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेची पानं माणसं उतरवतात, दुसरी माणसं तपासतात आणि शोध सगळ्यांना फुकट. फॅमिलीसर्च मॉर्मन चर्च चालवतं. तिथे हल्ली बऱ्याच नोंदी आधी संगणक वाचतो आणि माणूस त्याच्या चुका काढतो. अमेरिकेची १९५० ची जनगणना ७२ वर्षांची मुदत संपून १ एप्रिल २०२२ ला खुली झाली, तिची नावांची सूची अशीच तयार झाली.

वेळ तुकड्यातुकड्यांत मिळत असेल, तर फॅमिलीसर्च बरं. मोफत खातं उघडायचं, भाषा निवडायची आणि एकेक नाव चित्राशी ताडून बरोबर की चूक ते सांगायचं. हे फोनवर होतं. विरार लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही. मात्र एकच नाव समोर येतं, अख्खं पान वाचायची सवय लागत नाही.

फ्रीसेनला लॅपटॉप, मोठा पडदा आणि सलग दोनेक तास हवेत. अर्ध्या पडद्यावर पानाचं चित्र, अर्ध्यावर तक्ता. पत्त्यापासून जन्मस्थळापर्यंत प्रत्येक माणसाची एक ओळ. फोलिओ क्रमांकाचा (म्हणजे त्या कागदाच्या क्रमांकाचा) शिक्का पानाच्या एकाच बाजूला असतो, मागच्या बाजूला तोच धरायचा. इथे नवखे हटकून घसरतात आणि पुढची सगळी पानं एकाने सरकतात.

उतरवणाऱ्याचा नियम एकच: जसं दिसतं तसं. इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदराच्या एखाद्या खलाशाच्या बायकोपुढे जन्मस्थळ ‘बॉम्बे, ईस्ट इंडीज’ असेल, तर तेच. मुंबई करायचं नाही. प्रमाण नाव देण्यासाठी तक्त्यात वेगळे रकाने आहेत, ते तपासणारा भरतो. रकाना कोरा असणं आणि अक्षर न लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या खुणाही वेगळ्या. अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा शंकेची खूण कधीही चांगली, कारण तपासणारा तिथे थांबतो. ठोकून दिलेलं नाव तसंच पुढे जातं.

वर्ष निवडताना १८४१ सोपं वाटतं, रकाने कमी म्हणून. पण त्यात कुटुंबातलं नातं दिलेलं नाही, पंधरावर वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली (म्हणजे ४० लिहिलं असेल तर माणूस ४४ चाही असेल) आणि लिखाण पेन्सिलीचं, फिकट. व्यवसायाच्या रकान्यातलं ‘इंड’ म्हणजे स्वतःच्या उत्पन्नावर जगणारा, इंडिया नव्हे. सुरुवात १८६१ किंवा १८७१ ने करा. तिथे त्रास वेगळा: नंतर मोजणी करणाऱ्या कारकुनांनी वयाच्या आकड्यांवरच रेघा मारल्यात, त्यामुळे १ चा ४ आणि ३ चा ८ दिसतो. शिवाय एकापुढे एक दोन इंग्रजी एस आले की पहिला लांबट, एफसारखा. ‘रॉस’ हमखास ‘रॉफ्स’ वाचला जातो.

तपासणी म्हणजे हलकं काम, असा समज आहे. तसं नाही. तयार नाव आधी वाचलं की डोळ्यांना चित्रातही तेच दिसू लागतं. म्हणून आधी चित्र वाचायचं, मग तक्ता. दुसरा धोका नको तिथे सुधारणा करण्याचा. बारा वर्षांच्या मुलापुढे ‘सन-इन-लॉ’ दिसलं की हात शिवशिवतात. पण त्या काळी सावत्र मुलालाही तसंच म्हणत. वय आणि नातं जुळत नाही म्हणून नोंद बदलायची नाही, शेरा लिहायचा. एकच अक्षर अडलं तर त्याच गणकाने तीन-चार पानं अलीकडे-पलीकडे तेच अक्षर कसं काढलंय ते बघा. बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

म्हणून निवड करताना आमचं मत सरळ आहे. रोज पंधरा मिनिटंच असतील, तर फॅमिलीसर्चवर तपासणी. रविवारची सकाळ मोकळी असेल, तर फ्रीसेन, आणि तिथे आधी उतरवणंच. हाताखालून काही शे ओळी गेल्याशिवाय तपासणी मागू नका. काम मागताना अख्ख्या गावाचं न घेता दहा-बारा पानांचं घ्या, आणि जिल्हा समन्वयकाला पहिलीच दोन पानं पाठवून रकाने बरोबर भरलेत का ते विचारून घ्या.